पाणकुत्र्याचा टिळा

छविकला बस्नेतला गळा देताना देव बहुधा घाईत असावा, कारण गळ्याबरोबर लगाम द्यायचा राहून गेला. खैंजडीवर थाप पडली की ती भजनात उभी राही, आणि मग मूळ कथा कुठली नि हिच्या पदरची कुठली, हे खुद्द श्रीकृष्णालाही सांगता आलं नसतं. एका एकादशीला तिनं गायलं की सिमपोखरीतला खेकडा पहाटे काठावर येतो आणि देवीला आडवा नमस्कार घालतो. खेकड्याला सरळ चालताच येत नाही, त्यामुळे आडवा नमस्कार लोकांना फार पटला. पुढे दोन महिने गावच्या बायका खेकड्यासाठी काठावर भाताची मूद ठेवत होत्या आणि गावातले कावळे गलेलठ्ठ होत होते.

"माइली, हे कुठल्या पुराणात आहे?" पंडित भवनाथबाजे एकदा तिला आडवे गेले.

"अजून लिहायचं राहिलंय, बाजे," ती म्हणाली आणि गवताचा भारा डोक्यावर घेऊन चालू लागली.

बस्नेतांच्या दुसऱ्या मुलाची, माइलाची, बायको म्हणून ती माइली. वय साठीच्या अलीकडे, गुडघे साठीच्या पलीकडे. तरी पावसाळा लागला की रोज सकाळी सिमपोखरीत मांडीभर पाण्यात उभी राहून काठचं गवत कापायची, कारण घरच्या दुभत्या म्हशीला तेच गवत लागे. आणि कापता कापता नवं भजन जुळवायची. ते पहिल्यांदा ऐकायचे पाणकुत्रे.

सिम म्हणजे दलदल, पोखरी म्हणजे तळं. सिमपोखरीला काठ असा नव्हताच. जमीन कुठे संपते नि पाणी कुठे सुरू होतं यावर त्या दोघांचंही एकमत झालेलं नव्हतं. मधल्या त्या गवताळ चिखलात पाणकुत्र्यांचं राज्य. वीतभर लांब, ओल्या मातीच्या रंगाचा जीव, पाठीवर दोन्ही बाजूंनी फोडांची रांग, चार आखूड पाय, चपटी शेपूट. परका माणूस त्याला पाल म्हणेल, पण पालीची लगबग त्याच्यात नाही. तो असा चालतो की प्रत्येक पाऊल टाकण्याआधी त्याला कुणाला तरी विचारून यायचं असतं. पाण्याबाहेर डोकं काढून उंबऱ्यावरच्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखा टकमक बघत बसतो, म्हणून नाव पाणकुत्रा. पावसात त्यांच्या माद्या गवताच्या बुडालेल्या पात्यांवर एकेक अंडं चिकटवून ठेवतात. पात्याला हात लावण्याआधी छविकला ते उलटून बघे आणि अंड्याचं पातं सोडून पुढचं कापी.

गाणं लांबलं म्हणून उठून न जाणारे गावात तेवढेच श्रोते होते. तेही पूर्वीइतके राहिले नव्हते. खालच्या गावातल्या पोखरीला चार वर्षांमागे सिमेंटचा काठ बांधला. पाणी आरशासारखं लख्ख झालं, आणि त्यात पाहण्यासारखं फक्त आपलं तोंड उरलं.

आता तीच पाळी सिमपोखरीवर आली होती, आणि ती आणणारा छविकलेचा सख्खा दीर होता. गजेंद्र बस्नेत, तिसरा म्हणून साइँला, आणि गेल्या निवडणुकीपासून वॉर्डाचा अध्यक्ष. भाद्रपदात त्यानं कार्यालयाच्या अंगणात सभा बोलावली.

"काठ म्हणजे नुसती घाण आहे," तो सांगत होता. "पाय टाकला की गुडघाभर आत. ही सगळी घाण खरवडायची. चारी बाजूंनी सिमेंटची भिंत, भिंतीवर लोखंडी कठडा, आणि पाण्यात हंसाच्या तोंडाची नाव. पाहुणे येतील, फोटो काढतील, चहा पितील. तिहारची दिवाळी झाली की काम सुरू."

"आणि पाणकुत्र्यांनी अंडी कुठे घालायची, साइँलाबाबू?" बायकांच्या घोळक्यातून छविकलेचा आवाज आला. "कठड्यावर?"

"भाउजू, कुत्र्यांचा अर्ज कार्यालयाला अजून मिळालेला नाही."

"त्यांना लिहिता येत नाही. तुम्हाला तरी कुठे येत होतं? तुमच्या शाळेतल्या चिठ्ठ्या मीच लिहून देत होते ना!"

सभा खदखदली. दीर-भावजयीची थट्टा आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही, उलट ती झाली नाही तर घरात काही बिनसलंय असं समजतात. गजेंद्रही हसला. पण हसता हसता त्याचे डोळे बारीक झाले. हे लक्षण छविकलेनं ओळखायला हवं होतं. लहानपणी तो असा बघायला लागला की घरातला गूळ नाहीसा व्हायचा.

"बरं भाउजू," तो म्हणाला. "पाणकुत्रा हा कुत्राच ना?"

"नावातच आहे."

"मग कुकुर तिहार येतोच आहे. गावातल्या सगळ्या कुत्र्यांना त्या दिवशी टिळा लागतो, माळ पडते. तुमच्या एका तरी पाणकुत्र्याला सगळ्या गावासमोर टिळा लावून दाखवा. लावलात, तर पोखरीला सिमेंटचं बोटसुद्धा लागणार नाही. अध्यक्षाचा शब्द. नाही लावलात, तर भिंतीच्या पूजेला भजन तुम्ही म्हणायचं, आणि त्यात माझं नाव घ्यायचं."

"किती वेळा?"

"दर कडव्याला."

"लावला म्हणून समजा!" छविकला गरजली, आणि बायकांनी टाळ्या पिटल्या.

घरी जाताना माइला नेहमीसारखा दोन पावलं मागे होता. त्या माणसाला दिवसाला मोजकी वाक्यं मिळत असावीत, तो ती जपून वापरी. चढण संपत आली तेव्हा त्यानं एक खर्च केलं.

"तिहारात पोखरीत पाणकुत्रा पाहिलायस कधी?"

छविकला थांबली. तिनं आठवून पाहिलं. श्रावणात पाहिले होते. भाद्रपदात पाहिले होते. दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास एखाददुसरा. आणि तिहारात? तिहारात गवत सुकतं, म्हशीला पेंढा घालतात, पोखरीत कोण उतरतं! चाळीस वर्षांत तिनं कधी बघितलंच नव्हतं की आपले श्रोते पावसाळा संपल्यावर जातात कुठे.

"साइँल्याला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "पोर असताना दिवसभर त्या चिखलातच लोळायचा. त्याला माहीत होतं की तिहारात तिथे एकही नसतो!"

माइलानं मान हलवली. वाक्य वाचवलं.

दसैं आला आणि गेला. कपाळावरच्या अक्षता वाळून पडल्या. छविकला रोज पोखरीवर जाऊ लागली. आधी चार दिसत, मग दोन, मग एका सकाळी पाण्यावर नुसती थंडी. तिनं लुगडं खोचून चिखलात हात घातला, दगड उलटले, देवळाच्या पायरीखाली वाकून पाहिलं. गारठ्यानं बोटं निळी पडली. सापडली ती एक तुटकी कढई, आणि ती तिचीच निघाली.

ती भवनाथबाजेंकडे गेली. "बाजे, पावसाळा संपला की पाणकुत्रे कुठे जातात?"

बाजे उन्हात बसून संत्रं सोलत होते. त्यांनी बराच विचार केला. "चातुर्मासात देव पाण्यावर निजतो, आणि कार्तिकात उठतो."

"देवाचं नाही विचारलं. पाणकुत्र्याचं विचारलं."

"तेच सांगतोय. देव जागा होताना हे निजत असतील. कुणीतरी निजलंच पाहिजे." बाजेंनी तिला अर्धं संत्रं दिलं. "कुठे निजतात ते मात्र पोथीत नाही."

माइलानं त्या संध्याकाळी चुलीशी बसून आल्याचा एक मोठा गड्डा पुढे केला. मातकट, फुगीर, दोन्ही बाजूंना गाठी, एक टोक शेपटीसारखं निमुळतं. त्यानं चाकूनं दोन डोळे कोरले होते. लांबून पाहिलं तर हुबेहूब पाणकुत्रा.

छविकला पोट धरधरून हसली. मग तिनं गड्डा हातात उलटसुलट फिरवून पाहिला. लोक हिच्या खेकड्याला भात ठेवणारे. आल्याला टिळा लावला असता तरी निम्म्या गावानं हात जोडले असते.

"नको," ती शेवटी म्हणाली. "देवाच्या दारात मी पदरचं गाईन. पदरचं ठेवणार नाही." आणि आलं चहात घातलं.

तिहाराला चार दिवस उरले तेव्हा तिची मितिनी हस्तमाया राई चढणीवरून खाली आली. मितिनी म्हणजे देवाच्या साक्षीनं जोडलेली मैत्रीण. हे नातं जोडलं की एकमेकींना आयुष्यभर 'तुम्ही'च म्हणायचं असतं, त्यामुळे त्या दोघींना भांडायचं झालं तरी अदबीनं भांडावं लागे.

"मितिनी, आपण म्हणे पोखरीत उतरून कढया शोधता," हस्तमाया म्हणाली.

"मितिनी, आपल्याला दुसऱ्याच्या दुःखात फार गोडी वाटते."

"दुःख कसलं? पाणकुत्रे ना? ते वर आहेत."

"वर म्हणजे? वैकुंठाला?"

"वर म्हणजे वर. वेलचीच्या बनात. उत्तिसाची झाडं पडलीत ना, त्यांच्या कुजक्या लाकडाखाली. मी वेलची तोडताना दर वर्षी बघते."

छविकला तिच्याकडे बघतच राहिली. "आणि इतक्या वर्षांत आपण मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"आपण कधी गाणं थांबवलंत तर बोलणार ना, मितिनी!"

दोघी लगोलग निघाल्या. पोखरीपासून दोन-अडीचशे पावलं वर, उत्तिसाच्या सावलीत मोठ्या वेलचीचं बन होतं. जमीन मऊ, काळी, पाय टाकला की पाणी वर यावं इतकी ओली. शेवाळलेलं एक जुनं खोड आडवं पडलं होतं. हस्तमायेनं ते एका बाजूनं हलकेच उचललं.

खाली सात जण होते. एकमेकांच्या अंगावर माना टाकून, यात्रेकरूंनी धर्मशाळेत एकाच घोंगडीखाली दाटीवाटीनं झोपावं तसे. एकानं सावकाश डोकं उचललं, उजेडाकडे पाहिलं, आणि हे काही आपल्या कामाचं नाही असं ठरवून पुन्हा टेकवलं.

छविकलेचे हात आपोआप जुळले. पोखरी हे त्यांचं अर्धंच घर होतं, आणि दुसरं अर्धं तिनं आज पाहिलं.

"एक टोपलीत टाकू," हस्तमाया कुजबुजली. "तिहारला खाली नेऊन टिळा लावायचा, झालं."

"नाही मितिनी. निजलेल्याला ओढून चव्हाट्यावर उभं करायचं? वाटेत सुकून गेला तर? गाव येईल त्यांच्या दारी."

खोड त्यांनी जागच्या जागी टेकवलं. चालताना छविकलेच्या तोंडून गाणं फुटू पाहत होतं. हस्तमायेनं तिला वाटभर दटावलं.

कुकुर तिहाराच्या सकाळी गावातला उनाडातला उनाड कुत्राही राजा झाला होता. कपाळी तांबडा टिळा, गळ्यात झेंडूची माळ, तोंडात सेलरोटी. खैंजडी, मादल आणि झांजा घेऊन छविकलेची दिंडी पोखरीकडे निघाली. मागे निम्मं गाव, त्याच्या मागे माळा घातलेली सात-आठ कुत्री, कारण पुढे आणखी रोट्या असणार हे त्यांनी ताडलं होतं. दिंडीत छविकलेची मोठी नणंद देवकीही होती. तीनही भावांना टिळा लावायला ती आदल्याच दिवशी तराईतून वर आली होती. कमी बोलणारी, सुपारी चघळणारी, आणि तिच्यासमोर गजेंद्र अजूनही खुर्चीवरून उठून उभा राहायचा.

गजेंद्र पोखरीच्या काठाशी खुर्ची टाकून बसला होता. बहिणीला पाहून उठला. मग पाण्याकडे हात करून म्हणाला, "या भाउजू! लावा टिळा. कुठाय कुत्रा?"

दिंडी त्याच्यासमोरून सरळ पुढे गेली.

"अहो भाउजू! पोखरी इकडे!"

"पोखरी मला दिसते, बाबू," छविकला मागे न वळता म्हणाली. "कुत्र्याची पूजा तो राहतो तिथे करतात. पाणी प्यायला जातो तिथे नाही."

गजेंद्र खुर्ची सोडून धापा टाकत मागे आला. बनात सगळ्यांना लांब थांबवून छविकला आणि हस्तमाया खोडापाशी बसल्या. भजन थांबलं. एक कुत्रा वास घ्यायला पुढे सरकला, त्याला माइलानं काखेत उचलून धरलं. हस्तमायेनं खोड उचललं.

"आहेत!" पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं. "सात आहेत! एकानं बघितलं माझ्याकडे!"

छविकलेनं पहाटेच लोटीत भरून आणलेल्या पोखरीच्या पाण्यात झेंडूची एक पाकळी बुडवली. तिचं टोक तिनं कडेच्या पाणकुत्र्याच्या डोक्याला नुसतं टेकवलं. थेंब तिथे मोत्यासारखा थांबला. त्यानं एक डोळा मिटला, मग दुसरा.

"हा टिळा?" गजेंद्र म्हणाला. "रंग कुठाय?"

"त्याची कातडी नाजूक आहे. रंगानं भाजेल. पाण्याच्या कुत्र्याला पाण्याचा टिळा."

"पंडितबाजे, चालतं का असं?"

भवनाथबाजे चढणीनं दमले होते आणि त्यांना लवकर खाली जायचं होतं. "देवीच्या पोखरीचं पाणी म्हणजे तीर्थ. तीर्थाचा टिळा सगळ्यात वरचा."

टाळ्या पडल्या. मादलवाल्यानं दोन थापा मारूनही घेतल्या. आणि त्याच वेळी गजेंद्रचे डोळे पुन्हा बारीक झाले.

"थांबा. टिळा मान्य. कुत्रा मान्य नाही."

"म्हणजे?"

"पैज पाणकुत्र्याची होती. पाण्यात राहतो तो पाणकुत्रा. हा तर मातीत राहतो. हा मातकुत्रा! बोला, इथे कुणाला पाणी दिसतंय?" त्यानं चारी दिशांना हात फिरवला. "भाउजू, मातकुत्र्याला टिळा लावलात, फार पुण्याचं काम केलंत. पण पोखरीचा आणि ह्याचा संबंध काय?"

लोक हसले. छविकलेच्या बाजूचेसुद्धा हसले, कारण मातकुत्रा हा शब्द खरंच चांगला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच छविकलेला पदरचं काही सुचेना. पुढच्या पावसात हे सात जण खाली उतरतील, भिंतीवर डोकं आपटतील, आणि ती काठावर उभी राहून साइँल्याचं नाव दर कडव्याला घेत असेल.

तिनं असहायपणे इकडेतिकडे पाहिलं. देवकी एका दगडावर बसून गुडघा चोळत होती. तराईत राहून तिची चढणीची सवय गेली होती. छविकला तिच्याकडे बघत राहिली.

"आमाजू," ती हळूच म्हणाली, "तुम्ही राहता कुठे?"

"खाली तराईत. तुला माहीत नाही?" देवकी म्हणाली.

"वर्षातले किती महिने?"

"सगळेच. तीजला चार दिवस येते, तिहारला चार दिवस."

"मग तुम्ही तराईच्या. राहतो तिथलं नाव, असा अध्यक्षांचा नियम आहे. तुम्ही बस्नेतांच्या नाही." छविकला आता उभी राहिली होती. "साइँलाबाबू, तुमच्या हिशोबानं आमाजूंचा आणि बस्नेतांच्या घराचा संबंध काय?"

हशा थांबला. बायकांच्या बाजूनं एक हुंकार उठला, मधमाश्यांच्या पोळ्याजवळून जाताना येतो तसा. त्या घोळक्यातली एकूण एक बाई कुठून तरी लग्न होऊन आलेली होती, आणि प्रत्येकीला तीजच्या आधी माहेरची वाट बघत उंबऱ्यावर घातलेली दुपार आठवत होती.

छविकलेनं खैंजडी उचलली. जोरात नाही, निजलेल्यांना ऐकू येईल न येईल इतक्या हळू आवाजात तिनं गायलं:

*पावसानं धाडलं मूळ, लेक माहेराला आली,*
*गवताच्या पात्यावर मोती ठेवुनिया गेली.*
*दसैं सरला गं बाई, लेक सासरी निजली,*
*ओल्या लाकडाच्या खाली स्वप्नं माहेराची ओली.*

दुसऱ्यांदा बायकांनी धरलं. तिसऱ्यांदा हस्तमायेनंही धरलं, जिला कुणी कधी गाताना ऐकलं नव्हतं आणि का ते आता कळलं.

"गाणं आहे हो नुसतं!" गजेंद्र ओरडला. "ह्यांनी खेकड्यालाही नमस्कार करायला लावलं होतं!"

"साइँला," देवकी म्हणाली.

तिनं आवाज चढवला नव्हता. तरी गजेंद्रनं डोक्यावरची टोपी सरळ केली.

"ह्या तीजला तू मला फोन केलास. घराला नवा रंग चाललाय, भिंती ओल्या आहेत, दिदी पुढच्या वर्षी ये, असं म्हणालास. आठवतं?"

"दिदी, ते खरंच रंगकाम..."

"रंग छान झालाय. काल बघितला." तिनं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "पण तीजच्या दिवशी मी माझ्या दारात नवी साडी नेसून बसले होते. शेजारणींनी विचारलं, अजून कुणी न्यायला आलं नाही? मी म्हटलं, पाऊस फार आहे. त्या दिवशी खाली कडक ऊन होतं, साइँला."

माइलाच्या काखेतल्या कुत्र्यानंसुद्धा कान पाडले.

"आता तू ह्यांचं माहेर भिंत घालून बंद करणार. कर. तू अध्यक्ष आहेस. पण तीन दिवसांनी भाइटीका आहे, भावाला ओवाळायचा दिवस. लेकींची वाट बंद करणाऱ्या कपाळावर कसा टिळा काढतात, ते मला येत नाही. थोरल्या जेठ्याला लावीन, माइल्याला लावीन. तुझा पाट रिकामा राहील."

गजेंद्रचा चेहरा उतरला. बहिणीच्या टिळ्यानं यमराज वर्षभर दाराबाहेर थांबतो. टिळा नसला की त्याला कुणी अडवत नाही. निवडणूक हरलेला माणूस गावात राहू शकतो. पण बहिणीनं ओवाळलं नाही असा भाऊ कुणाच्या अंगणात जाऊन बसणार? त्यातून त्याच्या चुलतबहिणी घोळक्यात होत्याच. त्यांतली एक मागून म्हणाली, "आम्हालाही येत नाही गं तसला टिळा काढायला." दुसरी म्हणाली, "मी तर यंदा ओवाळताना उंबऱ्यावर फोडायचा अक्रोडही आणणार नाही."

गजेंद्र खोडाजवळ आला आणि उकिडवा बसला. बराच वेळ त्या सात जणांकडे बघत राहिला. लहानपणी चिखलात तासन्‌तास बसायचा तसाच. छविकलेला वाटलं, आता डोळे बारीक होतात की काय. ते झाले नाहीत.

"काठ आहे तसा राहील," तो म्हणाला. "भिंत नाही. कठडा नाही."

"आणि हे बन?" छविकला.

"हेही राहील."

"आणि मधली वाट? खाली उतरायची?"

"भाउजू, आता माझं घरही लिहून घेता का?"

"त्याला नवा रंग आहे, नको. आणि हंसाची नाव?"

गजेंद्रनं कपाळाला हात लावला. "ती निघालीय. वाटेत आहे."

"येऊ दे," भवनाथबाजे म्हणाले. "कार्यालयाच्या अंगणात ठेवा. अर्ज घेऊन आलेल्यांना बसायला होईल."

ह्यावर लोक जे हसले, त्यात गजेंद्रही होता. देवकी मात्र हसली नाही. तिनं बोटानं खोडाकडे खूण केली. "झाक ते. त्यांना गार वारा लागतोय."

गजेंद्रनं हस्तमायेकडून खोड दोन्ही हातांत घेतलं आणि तान्ह्या पोरावर पांघरूण घालावं तसं खाली आणायला लागला. मध्येच थांबून त्यानं वर पाहिलं. अध्यक्षाला शेवटचा शब्द आपला असावा असं वाटतंच.

"एक सांगा भाउजू. ह्यात नर किती, माद्या किती, कुणी मोजलं का? सगळ्याच लेकी कशा?"

छविकलेनं क्षणभर विचार केला.

"जे नर असतील ते जावई, बाबू," ती म्हणाली. "हळू टेकवा. जावई रुसले तर समजूत घालायला मलाच पाण्यात उतरावं लागेल."

आणि देवकी, जी सकाळपासून एकदाही हसली नव्हती, ती इतकी मोठ्यानं हसली की तोंडातली सुपारी उडून पडली, आणि माळ घातलेल्या एका कुत्र्यानं ती प्रसाद समजून उचलली.